जबाब आणि पंचनामा : इमारतीवर विमान आदळतं तेव्हा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्यावरून गेलं. आमचं गाव मुरूड तालुक्यात, घरामागे पोफळींचं आगर. काही दिवसांनी तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, वारं कुठून आलं? आळीतल्या प्रत्येकाचं उत्तर एकच : समुद्रावरून. मीही तेच सांगितलं.

मग आम्ही आगरात शिरलो. आडव्या झालेल्या पोफळींचे दोन थर होते. खालच्या थराचे शेंडे समुद्राकडे, आणि त्यांच्या अंगावर पडलेल्या वरच्या थराचे डोंगराकडे. जे खाली ते आधी पडलेलं, यात वाद नाही. म्हणजे पहिला तडाखा जमिनीच्या बाजूने आला होता. मधे वारं पडलं, वादळाचा डोळा वरून गेला, आणि मग समुद्राकडून दुसरा तडाखा बसला. आम्ही कुणी खोटं बोललो नव्हतो. सगळे माजघरात दारं लावून बसलो होतो, आणि पडवीची कौलं उडाली ती दुसऱ्या तडाख्यात. जे छातीत बसलं, तेच आम्ही सांगितलं.

जबाब आणि पंचनामा या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात असं मी म्हणतो, ते या अर्थाने. दोन्ही कागदावर उतरतात, दोन्हींखाली सह्या असतात, दोन्हींना आपण ‘पुरावा’ म्हणतो. पण जबाब माणसाचा असतो आणि पंचनामा जागेचा. जबाब सांगतो, एका माणसाला एका ठिकाणाहून काय दिसलं, काय ऐकू आलं. पंचनामा सांगतो, नंतर काय उरलं, कुठे, किती अंतरावर, कशाच्या वर आणि कशाच्या खाली. पंचही डोळ्यांनीच बघतात हे खरं, पण ते टेप घेऊन, थांबून बघतात. आणि शंका आली तर पोफळ तिथेच असते, पुन्हा बघता येते. साक्षीदाराच्या डोळ्यांसमोरचा तो क्षण मात्र पुन्हा येत नाही.

हे सगळं परत आठवलं ते पुतण्यामुळे. गणपतीला आला होता. ओटीवर बसून त्याने मोबाइलवर पेंटॅगॉनचा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाचा, एक फोटो पुढे केला. ‘काका, एवढ्याशा भोकात एवढं मोठं विमान शिरेलच कसं? पंख कुठे गेले? लोक म्हणतात, ते क्षेपणास्त्र होतं.’ प्रश्न मनापासून होता, म्हणून उत्तरही मनापासून द्यायला हवं होतं.

११ सप्टेंबर २००१ ला सकाळी ९ वाजून ३७ मिनिटांनी अमेरिकन एअरलाइन्सचं ७७ क्रमांकाचं उड्डाण पेंटॅगॉनच्या पश्चिम भिंतीवर आदळलं. बोइंग ७५७. लांबी सुमारे ४७ मीटर, पंखांचा पसारा सुमारे ३८ मीटर, पण मधलं धड जेमतेम पावणेचार मीटर रुंद. विमानात ६४ माणसं, त्यातले ५ अपहरणकर्ते. इमारतीत १२५ जण गेले.

आता त्या भोकाचं. पुतण्याच्या फोटोतलं गोल भोक विमान जिथून शिरलं तिथलं नव्हतंच. ही इमारत एकात एक अशा पाच कड्यांची. ते भोक बाहेरून तिसऱ्या कड्याच्या भिंतीतलं, बाहेरच्या भिंतीपासून जवळपास ९५ मीटर आत, जिथे ढिगारा शेवटी बाहेर पडला तिथलं. दर्शनी भिंतीवरची तळमजल्याची फाड कितीतरी रुंद होती. ती बऱ्याच फोटोंत अग्निशमन दलाच्या फवाऱ्यामागे झाकली गेली आहे, आणि थोड्या वेळाने त्यावरचे मजले खाली बसल्यावर तर मूळ फाड दिसणंच बंद झालं. पंचनामा वाचताना पहिली चूक इथेच होते : कोणत्या जागेचा, किती वाजताचा, हे न विचारता फोटोवरून निकाल द्यायचा.

पंखांचं उत्तर मी त्याला आमच्याच आळीतल्या एका छपरावरून दिलं. त्या वादळात शेजारच्या घरावर माड पडला. कौलांना भगदाड पडलं ते खोडाएवढं. झावळांचा घेर त्याच्या कितीतरी पट, पण झावळांनी वासे मोडले नाहीत. त्या छपरावरच चिंध्या होऊन पसरल्या. विमानाचंही तसंच. धड, इंजिनं, चाकांचा सांगाडा हा जड ऐवज भिंत फोडून आत जातो. पंखांची टोकं हलकी, अ‍ॅल्युमिनियमची, बांधकामावर आपटून त्यांचे तुकडे होतात. न्यूयॉर्कला २८ जुलै १९४५ रोजी दाट धुक्यात एक बी-२५ बॉम्बर एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ७९ व्या मजल्याच्या आसपास धडकलं, १४ माणसं मेली. त्याचं एक इंजिन इमारतीच्या आरपार जाऊन पलीकडच्या एका इमारतीच्या छपरावर पडलं, दुसरं लिफ्टच्या विहिरीत. पंख कुठे आरपार गेले नाहीत.

पेंटॅगॉनच्या पंचनाम्यातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट भिंतीवर नाहीच. ती रस्त्यावर आहे. इमारतीकडे येताना विमानाने दिव्याचे पाच खांब पाडले, मार्गाच्या दोन्ही बाजूंचे. एक खांब चालत्या टॅक्सीच्या काचेत घुसला. आमच्या आगरातल्या पोफळींसारखेच हे खांब : कुठून कुठे गेलं आणि किती रुंद होतं, दोन्ही सांगतात. क्षेपणास्त्र असतं तर एवढ्या अंतरावरचे दोन्हीकडचे खांब एका दमात पडले नसते. त्यात विमानाचा उड्डाण-नोंदयंत्राचा डबा ढिगाऱ्यात सापडला, प्रवाशांचे अवशेष इमारतीत मिळाले, डीएनएवरून ओळख पटवली गेली आणि ते घरच्यांच्या हवाली झाले. या शेवटच्या गोष्टीवर मी पुतण्याशी हुज्जत घातली नाही. ती सांगितली आणि थांबलो.

मग जबाब कशाला, असं वाटेल. तर तसं नाही. सकाळच्या गर्दीत शेजारच्या रस्त्यावर अडकलेल्या कितीतरी माणसांनी विमान जाताना पाहिलं. ती माणसं एकमेकांना ओळखत नव्हती, वेगवेगळ्या गाड्यांत होती, आणि तरी मुद्द्याची गोष्ट जुळते : मोठं प्रवासी विमान, अगदी खालून, इमारतीच्या दिशेने. तपशिलात मात्र ती पांगतात. कुणाला ते लहान जेट वाटलं. एकाने ते पंख असलेल्या क्षेपणास्त्रासारखं आलं अशी उपमा दिली, आणि ते अमेरिकन एअरलाइन्सचं विमान होतं हेही त्यानेच सांगितलं. पुढे लोकांनी उपमा ठेवली, विमान कापून टाकलं. जबाबाचा अर्धा तुकडा घेऊन केलेला हा अन्याय मला फार लागतो. माणूस जे बघतो ते पूर्ण ऐकून घ्यायचं नसेल तर त्याला विचारूच नये.

तपशील का पांगतात, याचं कारण साधं आहे. शेवटी विमानाचा वेग ताशी सुमारे ८५० किलोमीटर होता. म्हणजे सेकंदाला २३६ मीटर, स्वतःच्या लांबीच्या पाचपट. पार्किंगजवळच्या सुरक्षा कॅमेऱ्यात सेकंदाला एखादंच चित्र टिपलं जात होतं, म्हणून त्यातही विमान धड दिसत नाही. जिथे कॅमेरा चुकला तिथे डोळ्याकडून खिडक्या मोजण्याची अपेक्षा कशी करायची?

आवाजाचंही बघा. पावसाळ्याच्या तोंडावर समुद्रावर वीज चमकते आणि गडगडाट मागून येतो, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. लांबचा माणूस आवाज ऐकून मान वळवतो तेव्हा घडायचं ते घडून गेलेलं असतं. त्याला दिसते आग. आधीचं मन भरून काढतं, आणि ते भरलेलं आहे हे त्याचं त्यालाही कळत नाही.

याची मोजदाद झालेली आहे. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं उड्डाण घरांवर कोसळलं, २६५ जणांचा जीव गेला. तपास संस्थेने साडेतीनशेच्या आसपास साक्षीदारांचे जबाब तपासले. ५२ टक्क्यांनी विमान हवेत असतानाच आग पाहिल्याचं सांगितलं. १८ टक्के म्हणाले ते उजवीकडे वळलं, आणि तेवढेच १८ टक्के म्हणाले डावीकडे. विमानाचं उभं शेपूट मात्र जमैका बेच्या पाण्यात मिळालं. ते हवेतच तुटून पडलं होतं. कारण त्या शेपटाने सांगितलं. तरीही ५७ टक्के साक्षीदारांनी विमानापासून काहीतरी सुटताना पाहिलं होतं, आणि ते बरोबर होतं. आग आणि वळण यात घोळ, पण सुटलेल्या तुकड्यावर निम्म्याहून जास्त लोकांचं एकमत. जबाब वाचायचा तो असा, चाळून.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अ‍ॅमस्टरडॅमची. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ तिथल्या बेल्मरमेर वस्तीतल्या उंच इमारतींवर पडलं, ४३ जण गेले. आदळण्याच्या क्षणाचं चित्रण कुणाकडेच नव्हतं. पुढे काही महिन्यांनी डच मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, तुम्ही ते दृश्य टीव्हीवर पाहिलंत का? पहिल्या पाहणीत ५५ टक्के ‘हो’ म्हणाले, दुसऱ्या पाहणीत ६६ टक्के. काहींनी तर विमान कसं आदळलं तेही सांगितलं. जे अस्तित्वातच नव्हतं त्या चित्रणाचा जबाब!

पंचनाम्यालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवू नयेत. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं १७१ क्रमांकाचं उड्डाण वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. महिन्याभरात आलेल्या प्राथमिक अहवालात नोंदयंत्राच्या आधारे सांगितलं आहे, की उड्डाणानंतर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘चालू’वरून ‘बंद’वर गेले. खाली उभ्या असलेल्या कुणालाही हे कळणं शक्य नव्हतं. पण ते कुणी केलं आणि का, हे ती नोंद सांगत नाही. तरी वर्तमानपत्रं पोचायच्या आत लोकांनी माणसं दोषी ठरवली. डब्याने जेवढं सांगितलं तेवढंच घ्यायचं, पुढचं आपल्या पदरचं जोडायचं नाही.

शिवाय जागा जशीच्या तशी राहत नाही. आमच्या आगरातही पंचनाम्याआधीच वाट मोकळी करायला पाच पोफळी कापून कुंपणाशी ओढल्या होत्या. त्या मुळात कुठे पडल्या होत्या, हे कृषी सहायकांना कोण सांगणार? जबाबच. आमच्या गड्याने एकेक बुंधा दाखवून सांगितलं, आणि ताजा कापलेला बुंधा आणि ओढलेला तुकडा जुळवून बघितल्यावर ते खरं निघालं.

पुतण्याने सगळं ऐकलं आणि मलाच विचारलं, ‘काका, वादळात तुम्ही स्वतः काय पाहिलंत?’ मी नेहमीसारखा सांगू लागलो : देवळाच्या वरून शेजारच्या गोठ्याचा पत्रा पतंगासारखा गरगरत गेला, उन्हासारखा चमकला, आणि पलीकडच्या चिंचेत अडकला. सांगता सांगता थांबलो. माजघराला देवळाच्या बाजूने खिडकी नाही. आणि त्या दुपारी ऊन पडलंच नव्हतं. पत्रा चिंचेत अडकला होता हे खरं, तो दुसऱ्या दिवशी मी हातांनी काढला, त्याची कड अजून दुमडलेली आहे. तो उडताना पाहिला होता वहिनीने, स्वयंपाकघराच्या दारातून. इतकी वर्षं मी तिचा जबाब माझा म्हणून देत होतो.