व्हिडिओतला व्यायाम आणि ऑनलाइन थेरपी

आमच्याकडे, इंदुरात, सकाळ पोह्यांनी सुरू होते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाच्या चमच्यातले निम्मे पोहे मांडीवर सांडायचे आणि पेन्सिल तो मुठीत धरायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ऑनलाइन थेरपी आम्हीही करतो की. यूट्यूबवर सगळं मिळतं!"

गल्लत होते ती इथेच. मोबाइल तोच, कधी कधी व्यायामही तेच. पण व्हिडिओ आपण बघतो. व्हिडिओ आपल्या मुलाला बघत नाही.

दोन महिने आम्ही व्हिडिओ लावून चिमट्याने मणी उचलले. हाताला काही वळण लागेना. मग पुण्याच्या एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या, ताईंशी व्हिडिओ कॉलवर पहिलं सत्र झालं. पाचच मिनिटांत त्या म्हणाल्या, "आई, मोबाइल जरा खाली करा, त्याचे पाय दाखवा." पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. पायांना टेकू नसला की धड डळमळतं, ते सावरण्यातच मुलाची शक्ती जाते आणि बोटं मोकळी होत नाहीत. एक पाट पुरला नाही, दोन ठेवले. पोहे सांडायचे त्या दिवशी थांबले नाहीत, पण कोपर टेबलावर रेटून बसणं थांबलं. हे कुठल्याही व्हिडिओला दिसलं नसतं.

ऑक्युपेशन म्हणजे इथे नोकरी नव्हे. जेवणं, बटणं लावणं, खेळणं, लिहिणं ही मुलाची रोजची कामं. ती घरातच होतात, म्हणून कधी कधी क्लिनिकपेक्षा घरातल्या कॅमेऱ्यात जास्त कळतं. नजर ताईंची, हात आपले. मटार सोलताना तो कंटाळला की त्या लगेच म्हणतात, "आता कणीक द्या." व्हिडिओ मात्र पुढच्या व्यायामाकडे निघून जातो. ताईंनी सरावासाठी पाठवलेला व्हिडिओ वेगळा. तो याच मुलासाठी निवडलेला असतो.

स्क्रीनवर सगळं होतं असंही नाही. स्नायू फार ताठ किंवा फार सैल असतील, घास गिळताना ठसका लागत असेल, तर मुलाला प्रत्यक्षच दाखवावं. आणि ऑनलाइन असो वा समोर, ऑक्युपेशनल थेरपीची पदवी आहे का हे निःसंकोच विचारावं. २०२१च्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाची नोंद आहे.

आता सत्राआधी मी मोबाइल बाजूच्या स्टुलावर डब्याला टेकवून ठेवते. चेहरा अर्धाच दिसला तरी चालतो. हात, खुर्ची आणि पाय दिसले पाहिजेत.