‘तिचा पिंडच शिक्षिकेचा’

आमच्या शेजारच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. तरी कुणाचं पोर गणितात अडलं की त्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडतात आणि पाठकोऱ्या बाजूवर भागाकार मांडून दाखवतात. ‘त्यांचा पिंडच शिक्षिकेचा,’ असं सगळे म्हणतात.

इथे ‘स्वभाव’ म्हणून भागत नाही. स्वभाव चिडका असतो, भिडस्त असतो, लाघवी असतो. पिंड बहुतेक वेळा कुणाचा तरी असतो : कवीचा, संशोधकाचा, कार्यकर्त्याचा. माणसाची मूळ ओढ कुठे आहे, ते या एका शब्दात कळतं.

संस्कृतात पिंड म्हणजे गोळा. दहाव्याला घाटावर तीळ घालून वळलेला भाताचा गोळा, ज्याला कावळा कधी शिवतो म्हणून सगळे ताटकळतात, तो पिंडच. गर्भोपनिषदात गर्भ सात रात्रींनी बुडबुड्यासारखा होतो आणि पंधरवड्यात त्याचा पिंड बनतो. नाथपंथात तर पिंड म्हणजे सरळ देह. ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ आपण आजही म्हणतो आणि ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘पिंडें पिंडाचा ग्रासु’ येतो.

देहावरून हा शब्द स्वभावाकडे कसा वळला असेल, याचा धागा मला ‘सपिंड’, म्हणजे एका पिंडाचे नातलग, या शब्दात दिसतो. बंगालच्या जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ या वारसाहक्कावरच्या ग्रंथात सपिंडांचं नातं श्राद्धाच्या पिंडावरून ठरतं. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, विक्रमादित्य सहावा (1076 ते 1126) गादीवर असताना विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका लिहिली. त्याने पिंडाचा अर्थ शरीर असा घेतला. एकाच देहाचे अंश ज्यांच्यात उतरले, ते सपिंड. महाराष्ट्रात वारसाहक्काच्या बाबतीत परंपरेने मिताक्षराच चालत आली. पूर्वजांच्या देहातून आपल्यात उतरलेलं काहीतरी, हा अर्थ एकदा रुजला की ‘त्याचा पिंडच तसा’ म्हणणं फार दूर राहत नाही.

मात्र ‘उपजत’ आणि ‘पिंड’ एक नव्हेत, हे आवर्जून सांगायला हवं. उपजत म्हणजे जन्मासोबत आलेलं, तिथे विषय संपला. पिंड पोसावा लागतो. ‘त्यांचा पिंड कीर्तनावर पोसला’ असं मराठीत सहज म्हणतात, कारण शब्दातला देह अजून जिवंत आहे आणि देहाला अन्न लागतं.

बाईंच्या माहेरी ओसरीवर वडिलांची शिकवणी भरायची. पाच वर्षांच्या बाई पाटी घेऊन कोपऱ्यात बसायच्या.