रायडर कपचा कॅप्टन दोस्तांची टीम करतो?

अमेरिका-युरोप यांच्यातला गोल्फचा रायडर कप जवळ आला की हमखास ऐकू येतं: कॅप्टन मर्जीतल्यांचीच टीम करतो. साफ चूक. 2023 आणि 2025 मध्ये दोन्ही संघांतले 12 पैकी 6 जण स्पर्धांतल्या गुणांवरच आत आले. कॅप्टनच्या हाती उरल्या 6 जागा.

2018 चा युरोपचा खेळाडू सर्जिओ गार्सिया आठवा. त्या वर्षी चारही मेजरमध्ये, म्हणजे गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धांत, त्याचा कट हुकला होता, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांनंतरच तो बाहेर पडला होता. युरोपचा कॅप्टन थॉमस ब्यॉर्नने तरीही त्याला घेतलं, टीका झाली. पॅरिसमधल्या त्या रायडर कपमध्ये गार्सियाने चारपैकी तीन सामने जिंकले, निक फाल्डोचा रायडर कपमधल्या एकूण गुणांचा विक्रमही मोडला. रायडर कपच्या फोरसम प्रकारात एका संघातले दोघं एकच चेंडू आळीपाळीने मारतात. तिथे कोणाची जोडी जमेल, हे गुणतक्ता सांगत नाही. आणि 2025 चा अमेरिकी कॅप्टन कीगन ब्रॅडली? गुणतक्त्यात 11वा असूनही त्याने स्वतःला घेतलं नाही.