उघडी राहिलेली मांडणीचिन्हे (विकी)

विकी मजकुरात ठळक किंवा तिरप्या अक्षरांसाठी चिन्ह उघडले जाते, पण बंद करायचे राहून जाते. अशा मजकुराचा अर्थ पार्सरने (मजकुरातील चिन्हे वाचून पानाची मांडणी ठरवणाऱ्या प्रोग्रामने) कसा लावावा, हा विकी सॉफ्टवेअरच्या रचनेतील जुना प्रश्न आहे. प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर चूक दाखवून थांबू शकतो. विकीला ती मुभा नाही, कारण तेथे लिहिणारा प्रोग्रामर असेलच असे नाही आणि जतन केलेले पान दिसलेच पाहिजे.

विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीत दोन अपॉस्ट्रॉफींनी (') अक्षरे तिरपी, तिनांनी ठळक आणि पाचांनी दोन्ही होतात. सलग चार आल्यास पहिली साधी अपॉस्ट्रॉफी मानली जाते. पार्सर हे काम ओळीओळीने करतो आणि उघडे राहिलेले चिन्ह ओळीच्या शेवटी स्वतःच बंद करतो. मूळ मजकुरात परिच्छेद बहुधा एकाच ओळीत असल्याने बिघाड तेवढ्यापुरताच राहतो. एका ओळीत ठळक आणि तिरप्या अशा दोन्ही खुणांची संख्या विषम निघाली, तर तिनांच्या एखाद्या गटातील पहिली अपॉस्ट्रॉफी मजकुराची आणि उरलेल्या दोन तिरप्या अक्षरांच्या, असा अंदाज बांधला जातो. फ्रेंचमध्ये एकाक्षरी उपपदानंतर अपॉस्ट्रॉफी आणि लगेच तिरपा शब्द येतो, तेथे हा अंदाज उपयोगी पडतो. म्हणूनच एकाक्षरी शब्दामागून आलेला गट आधी निवडला जातो.

विकी मजकुरात लिहिलेल्या एचटीएमएल टॅगना (वेबपानाच्या मांडणीभाषेतील खुणांना) मात्र ओळीची मर्यादा नाही. २०१८मध्ये विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर एचटीएमएलमधील चुका दुरुस्त करणाऱ्या जुन्या ‘टायडी’ची जागा एचटीएमएल५चे नियम पाळणाऱ्या ‘रेमेक्स’ने घेतली, तेव्हा आधी झाकून गेलेल्या काही चुका पानांवर उघड दिसू लागल्या.

डोकुविकी हे विकी सॉफ्टवेअर आणि कॉमनमार्क ही मांडणीभाषा यांचा मार्ग उलटा आहे: त्यांच्यात शैलीसाठी चांदणी (*) वापरतात, आणि जोडीदार न सापडलेली चांदणी ते चांदणी म्हणूनच छापतात. लेखकाला आपली चूक तिथल्या तिथे दिसते, म्हणून हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. पण जोडीदाराचा शोध परिच्छेदापलीकडे जाऊ दिला, तर गुणाकारासाठी लिहिलेली चांदणीही दूरच्या दुसऱ्या चांदणीशी जुळू शकते. त्यामुळे शैली परिच्छेद ओलांडणार नाही, हे क्रिओल १.० (२००७) या वेगवेगळ्या विकींसाठीच्या सामाईक मांडणीभाषेतील बंधन योग्यच म्हणावे लागते.

मराठीत शब्दांच्या पोटात अपॉस्ट्रॉफी क्वचितच येते, परंतु ग्रंथाचे नाव एकेरी अवतरणात घालण्याची पद्धत आहे. सरळ अवतरणचिन्हांच्या आत ते नाव तिरपेही केले, तर दोन्ही बाजूंना तीन-तीन अपॉस्ट्रॉफी जमतात, अवतरण नाहीसे होऊन नाव ठळक छापले जाते, आणि चिन्हांची संख्या समच भरत असल्याने पार्सरला यात काही वावगे दिसत नाही.