‘फोर-के’ लिहिलेला प्रत्येक प्लेअर फोर-के डिस्क वाचत नाही

घरात नवा फोर-के टीव्ही आला की डिस्कवर सिनेमे पाहणाऱ्या माणसाला त्याच्या तोडीचा, पण खिशाला परवडणारा प्लेअर हवासा वाटतो, आणि नेमक्या याच टप्प्यावर एकच चूक पुन्हा पुन्हा होताना मी गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहे. बाजारात दोन प्रकारची यंत्रे शेजारीशेजारी मांडलेली असतात. एकाच्या खोक्यावर ‘फोर-के अपस्केलिंग’ असे लिहिलेले असते, तर दुसऱ्याच्या खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’. पहिले यंत्र दुसऱ्यापेक्षा बरेच स्वस्त असते आणि ‘फोर-के’ हा शब्द त्याच्यावरही तितकाच ठळक असतो, त्यामुळे कमी पैशांत काम झाले अशा समजुतीने तेच घरी येते. ते फोर-के डिस्क वाचू शकत नाही. आज नाही आणि पुढेही कधी नाही.

माझ्या मावसभावाच्या घरी हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. लंडनहून आलेल्या भाचीने काळ्या डबीतल्या दोन फोर-के डिस्क भेट म्हणून आणल्या होत्या, आणि त्यांच्यासाठी म्हणून त्याने आदल्याच आठवड्यात नवा प्लेअर घेतला होता. ट्रे आत गेला, दोन-तीनदा डिस्क फिरल्याचा घरघराट झाला आणि ही डिस्क चालवता येत नाही अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर उमटली. त्याने डिस्क काढून शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा घातली, मग दुसरी घालून पाहिली, आणि शेवटी प्लेअर इंटरनेटला जोडून नवे सॉफ्टवेअरही उतरवून घेतले. डिस्क चांगल्या होत्या आणि प्लेअरही अगदी धडधाकट होता. विकणाऱ्याने “हो, फोर-के आहे” एवढेच सांगितले होते आणि याने त्यापुढे काही विचारले नव्हते.

साधा ब्लू-रे बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून त्यावर फार थांबत नाही. २००६ साली तो बाजारात आला, त्याच्या एका थरात २५ आणि दोन थरांत ५० जीबी माहिती मावते, आणि चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचे असते. डीव्हीडीचे ७२० बाय ५७६ बिंदूंचे चित्र पाहिलेल्या डोळ्यांना तो फरक सांगावा लागला नाही.

आता अपस्केलिंग म्हणजे काय ते नीट पाहू. आपल्याकडे बहुतेक घरांत आजोबांचा एखादा फोटो भिंतीवर असतो, जो मुळात पासपोर्टच्या आकाराचा होता आणि ते गेल्यावर स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतलेला असतो. स्टुडिओवाला हुशार असेल तर कडा मऊ करतो, मिशीची रेघ नीट ओढतो, पार्श्वभूमी स्वच्छ करतो आणि फोटो बघवतो. पण आजोबांच्या कोटाच्या कापडाची वीण त्या छोट्या फोटोत उतरलेलीच नव्हती, त्यामुळे ती मोठ्या फोटोतही येत नाही. अपस्केलिंग करणारा प्लेअर हेच काम सेकंदाला २४ वेळा करतो. साध्या ब्लू-रेवरच्या सुमारे २१ लाख बिंदूंपासून तो फोर-के पडद्याला लागणारे सुमारे ८३ लाख बिंदू तयार करतो, म्हणजे प्रत्येक चार बिंदूंतले तीन आजूबाजूचे बघून अंदाजाने भरलेले असतात.

खरेदीच्या घाईत निसटते ती गोष्ट अशी की हे काम तुमचा टीव्ही आधीपासूनच करतो आहे. फोर-के टीव्हीचा पडदा ३८४० बाय २१६० बिंदूंचा असतो. त्यावर केबलची वाहिनी लावा, डीव्हीडी लावा किंवा साधा ब्लू-रे लावा, ते चित्र पडदाभर पसरवायचे तर टीव्हीला ते वाढवावेच लागते, आणि तशी सोय नसलेला फोर-के टीव्ही नसतो. म्हणजे ‘फोर-के अपस्केलिंग’साठी जास्तीचे पैसे देणारा माणूस घरात असलेली वस्तू दुसऱ्यांदा विकत घेत असतो. डीव्हीडीच्या बाबतीत एक गोष्ट मान्य केली पाहिजे: तिचे चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्धुकांत साठवलेले असते, ती अर्धुके जुळवण्याचे काम काही स्वस्त टीव्ही वाईट करतात आणि तिथे चांगला प्लेअर थोडा उजवा ठरू शकतो. साध्या ब्लू-रेच्या बाबतीत मात्र प्लेअरने वाढवलेले आणि टीव्हीने वाढवलेले चित्र यांतला फरक सोफ्यावरून ओळखून दाखवणे अवघड आहे.

अल्ट्रा एचडी ब्लू-रे, म्हणजेच फोर-के डिस्क, ही वेगळी डिस्क आहे. तिचे तपशील २०१५ साली निश्चित झाले आणि २०१६ च्या सुरुवातीला पहिले प्लेअर व पहिल्या डिस्क बाजारात आल्या. लेझर तोच, ४०५ नॅनोमीटरचा जांभळा. पण डिस्कवरचे खळगे अधिक दाटीने बसवलेले असतात, त्यामुळे एका थरात २५ ऐवजी ३३ जीबी मावतात, आणि दोन थरांची ६६ जीबीची किंवा तीन थरांची १०० जीबीची डिस्क तयार होते. चित्र एचईव्हीसी या नव्या पद्धतीने दाबून भरलेले असते आणि नक्कल रोखणारे कुलूपही नव्या पिढीचे असते. साध्या प्लेअरचा ड्राइव्ह हे खळगे वाचण्यासाठी बनवलेला नसतो, त्याच्या चिपला एचईव्हीसी डिस्क उलगडता येत नाही आणि त्या कुलपाची किल्लीही त्याच्याकडे नसते. तीन ठिकाणी अडलेली ही गोष्ट सॉफ्टवेअर अद्ययावत करून सुटत नाही, आणि ‘अपडेट येईल’ असा सल्ला देणाऱ्यांनी तो देणे आता थांबवावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

एवढे समजले तरी खरा घोटाळा उरतोच, कारण बहुतेक लोक दोन्ही यंत्रांची तुलना बिंदूंच्या संख्येवर करतात. ही तुलनाच मुळात चुकीच्या जागी केली जाते. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर १९२० बिंदू बसवले तर एकेक बिंदू सुमारे ०.६३ मिलिमीटरचा होतो, आणि निरोगी डोळा साधारण एक कला एवढा कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखतो असे धरले तर सुमारे सात फुटांपलीकडून तो बिंदू सुटा दिसत नाही. आपल्या दिवाणखान्यांत सोफा समोरच्या भिंतीपासून नऊ-दहा फुटांवर असतो. म्हणजे तिथे बसून पाहणाऱ्याला चौपट बिंदूंचा लाभ फारसा होत नाही, आणि अपस्केलिंगचा प्लेअर ज्या गोष्टीचे आश्वासन देतो तीच या सगळ्यात सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे.

अंतर कितीही असले तरी जी दिसते ती गोष्ट म्हणजे उजेडाचा आवाका आणि रंगांच्या छटा, ज्याला एकत्रितपणे एचडीआर म्हणतात. साधा ब्लू-रे तयार करताना चित्राचा सर्वांत उजळ भाग साधारण १०० निट्सच्या (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप) हिशेबाने बसवलेला असतो, तर एचडीआरसाठी तेच चित्र बहुधा १,००० किंवा ४,००० निट्सपर्यंतच्या हिशेबाने बसवतात. साध्या ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर अल्ट्रा एचडीवर १,०२४. संध्याकाळचे मोकळे आकाश असलेले एखादे दृश्य दोन्ही डिस्कवर लावून पाहा. साध्या ब्लू-रेवर सूर्याभोवतीचा भाग एकसलग पांढरा होतो आणि केशरीकडून निळ्याकडे जाताना आकाशात पट्टे पडलेले दिसू शकतात. अल्ट्रा एचडीवर सूर्याची कड वेगळी दिसते, तिच्याभोवतीच्या ढगाला आकार असतो आणि रंग एकमेकांत सहज विरघळतात. खिडकीतून उजेड येणाऱ्या अंधाऱ्या खोलीच्या दृश्यात तर हा फरक घरातल्या ज्येष्ठ मंडळींनाही न सांगता जाणवतो. हा उजेड आणि या छटा साध्या ब्लू-रेवर नोंदवलेल्याच नसतात, त्यामुळे कोणत्याही अपस्केलिंगला त्या परत आणता येत नाहीत. अनेक सिनेमांचे अंतिम संस्करण टू-केमध्ये, म्हणजे साध्या ब्लू-रेच्या जवळपास तेवढ्याच बिंदूंत, झालेले असते आणि त्यांची फोर-के डिस्क बिंदूंच्या दृष्टीने वाढवलेलीच असते, पण एचडीआरमुळे तीही साध्या ब्लू-रेपेक्षा सरस दिसू शकते.

ओटीटीवर फोर-के असताना डिस्क कशाला, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. दोन तासांचा सिनेमा डिस्कवर ६० जीबी जागा घेत असेल तर सेकंदाला सरासरी सुमारे ६७ मेगाबिट माहिती पडद्याकडे जाते. नेटफ्लिक्स मात्र फोर-केसाठी १५ मेगाबिटच्या जोडणीची शिफारस करते. धुके, पाऊस, धूर आणि फिल्मवरचे बारीक दाणे यांत तो फरक उघडा पडतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर किंवा खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’ हे बोधचिन्ह असले पाहिजे. ‘फोर-के’ हा सुटा शब्द काहीही सिद्ध करत नाही. फोर-के डिस्कची डबी बहुधा काळी असते आणि साध्या ब्लू-रेची निळी. गेम खेळण्याच्या यंत्रांतही हाच सापळा आहे: प्लेस्टेशन ४ प्रो फोर-के खेळ दाखवत असला तरी फोर-के डिस्क वाचत नाही, तर त्याच सुमारास आलेला एक्सबॉक्स वन एस ती वाचतो. ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ घरात असेल तर वेगळा प्लेअर घेण्याची घाई नाही. त्याला डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार दाखवता येत नाही आणि गाण्यांची सीडी चालत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

परवडणाऱ्या अल्ट्रा एचडी प्लेअरमध्ये माझ्या मते दोनच नावांचा विचार करावा: सोनीचा यूबीपी-एक्स७०० आणि पॅनासॉनिकचा डीपी-यूबी४२०. निवड टीव्हीवरून करायची. एचडीआर१० हा पाया प्रत्येक अल्ट्रा एचडी प्लेअरला येतो, आणि त्यात संपूर्ण सिनेमासाठी उजेडाची एकच माहिती असते. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ ही माहिती दृश्यागणिक देतात. सोनीच्या या प्लेअरमध्ये डॉल्बी व्हिजन आहे, पॅनासॉनिकच्या या प्लेअरमध्ये एचडीआर१०+ आहे. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन दाखवत नाहीत, म्हणून तिथे पॅनासॉनिक. टीव्ही डॉल्बी व्हिजनचा आणि पुरेसा उजळ असेल तर सोनी; त्याच्या मेनूत डॉल्बी व्हिजन हाताने चालू-बंद करावे लागते आणि साधी एचडीआर१० डिस्क लावताना ते बंद करण्याची सवय लावून घ्यावी लागते. टीव्ही स्वस्तातला, कमी उजेडाचा असेल तर मी डोळे मिटून पॅनासॉनिक घेईन, कारण पडद्याला न झेपणारा उजेड आधीच सावरून पाठवणारी त्याची एचडीआर ऑप्टिमायझर ही सोय अशा टीव्हीवरच सर्वांत जास्त उपयोगी पडते. डॉल्बी व्हिजनच्या डिस्कवर एचडीआर१० चा थर असतोच, त्यामुळे कोणतीही डिस्क वाया जाणार नाही.

योग्य प्लेअर घेऊनही चित्र फिके दिसत असेल तर दोष बहुधा टीव्हीच्या एका बंद राहिलेल्या कळीत असतो. अनेक टीव्हींवर प्लेअरची केबल लागते ते एचडीएमआयचे प्रवेशद्वार मुळात जुन्या, कमी क्षमतेच्या रूपात चालू असते आणि ते हाताने उघडावे लागते. सोनीच्या टीव्हीत त्याला ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’, एलजीत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ आणि सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात. केबल सेकंदाला १८ गिगाबिट वाहून नेणारी असली की पुरे. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने चित्र तसूभरही सुधारत नाही.

आपल्याकडच्या खरेदीदारासाठी प्रदेशाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. साध्या ब्लू-रेची जगाच्या तीन प्रदेशांत विभागणी आहे आणि भारत ‘सी’ प्रदेशात येतो, त्यामुळे अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून आणलेली साधी ब्लू-रे इथल्या प्लेअरवर अडू शकते. अल्ट्रा एचडी डिस्कवर असे बंधनच नाही. परदेशातले नातेवाईक काय आणू, असे विचारतात तेव्हा निःशंकपणे काळी डबी सांगावी. तिच्यासोबत येणारी साधी ब्लू-रे मात्र प्रदेशाने बांधलेली असू शकते.

ज्यांच्या कपाटात मराठी नाटकांच्या आणि जुन्या सिनेमांच्या व्हीसीडी व डीव्हीडीच आहेत आणि फोर-के डिस्क घेण्याचा बेत नाही, त्यांनी यांपैकी काहीच घेऊ नये. चालू स्थितीतला डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही मिळून ते काम भागवतात. व्हीसीडी तर प्रत्येक ब्लू-रे प्लेअर वाचतोच असे नाही, म्हणून जुना प्लेअर भंगारात देण्याआधी नव्याची पुस्तिका उघडून खात्री करून घ्यावी.

आणि अल्ट्रा एचडी प्लेअर जुना, वापरलेला घेणार असाल तर पाहायला जाताना स्वतःची १०० जीबीची तीन थरांची डिस्क बरोबर न्यावी. लेझर थकलेला प्लेअर पहिली काही मिनिटे बिनतक्रार चालतो आणि पुढे जाऊन चित्र गोठवतो, म्हणून सिनेमा मध्यापर्यंत पुढे न्यावा, तिथे दहा-पंधरा मिनिटे शांतपणे बसून पाहावे आणि मगच पैसे द्यावेत.