दृष्टिपटलाचा जनुकोपचार (जीन बेनेट यांचे संशोधन)

सदोष जनुकामुळे जन्मापासून अधू असलेल्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, विषाणूकरवी त्या जनुकाची निर्दोष प्रत पोहोचवण्याची उपचारपद्धती. आनुवंशिक आजारासाठी जनुक थेट शरीरात सोडणाऱ्या उपचारांपैकी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सर्वांत आधी मान्यता दिली ती हिला, १९ डिसेंबर २०१७ रोजी. लक्सटर्ना हे त्या औषधाचे नाव. त्यामागे अनेक देशांतल्या संशोधकांचे श्रम आहेत, पण उंदरापासून माणसापर्यंतचा सलग धागा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जीन बेनेट यांच्या कामात सापडतो. नेत्रशल्यचिकित्सक आल्बर्ट मॅग्वायर हे त्यांचे पती आणि या कामातले जोडीदार.

हा आजार म्हणजे लेबर जन्मजात अंधत्वाचा एक प्रकार. थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. आई आणि वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच तो होतो. अशी मुले उजेडाकडे टक लावून बघतात, संध्याकाळ झाली की भिंत धरून चालतात आणि मोठेपणी उरलीसुरली दृष्टीही गमावतात. दृष्टिपटलातील दंडपेशी आणि शंकूपेशींमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू असतो. प्रकाश पडला की तो सरळ होतो आणि तिथून दिसण्याची क्रिया सुरू होते. सरळ झालेला रेणू पुन्हा वापरायचा तर तो परत वाकवावा लागतो. हे काम पडद्यामागच्या रंजकपेशींच्या थरात आरपीई६५ या जनुकापासून बनणारे विकर करते. विकर नसले तर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बरीच वर्षे जिवंत राहतात, पण त्यांचा शिधाच बंद होतो. उपचाराला वाव मिळाला तो या जिवंत पेशींमुळे. मेलेल्या पेशीत जनुक घालून काहीच हाती लागले नसते.

बेनेट आणि मॅग्वायर यांची भेट हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत झाली. पडद्यात जनुक घालता येईल का, हा मॅग्वायर यांचा प्रश्न १९८०च्या दशकातला. तेव्हा अशा आजारांची जनुकेही माहीत नव्हती. रेटिनायटिस पिगमेंटोसा या दृष्टिपटल हळूहळू झिजवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे पहिले जनुकीय कारण १९९० मध्ये सापडले. १९९६ मध्ये बेनेट यांच्या गटाने अ‍ॅडिनोविषाणू (सर्दीसारखे आजार करणारा विषाणू) वापरून आंधळ्या होत जाणाऱ्या उंदरांच्या पेशींचा ऱ्हास लांबवून दाखवला, मात्र परिणाम टिकाऊ नव्हता. मग त्या अ‍ॅडिनो-सहचर विषाणूकडे वळल्या. हा जेमतेम २५ नॅनोमीटरचा असून त्याच्यामुळे माणसाला कोणताही आजार होत असल्याचे आढळलेले नाही. त्याची स्वतःची जनुके काढून टाकली की सुमारे ४,७०० अक्षरांचा डीएनएचा मजकूर मावेल एवढी जागा होते, आणि आरपीई६५चा मजकूर १,६०० अक्षरांच्या आसपास आहे. जेलीफिशच्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे जनुक या विषाणूत भरून त्यांनी ते प्राण्यांच्या पडद्यात सोडले. बाहुलीतून डोकावले की आतला हिरवा उजेड दिसे, त्यामुळे जनुक काम करते का हे पाहायला प्राणी मारण्याची गरज उरली नाही. डोळ्याची निवड किती योग्य होती, हे मला या प्रयोगात सर्वांत स्पष्ट दिसते.

सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्याच, यकृताच्या आजारावरील एका चाचणीत १८ वर्षांचा तरुण दगावला. तिथे अ‍ॅडिनोविषाणू वापरला होता. सगळ्या जनुकोपचारावर संशयाचे सावट पसरले. अशा काळात, २००१ मध्ये, बेनेट आणि कॉर्नेल व फ्लोरिडा विद्यापीठांतील सहकाऱ्यांनी ब्रियार्ड जातीच्या तीन कुत्र्यांची हकिगत प्रसिद्ध केली. या फ्रेंच मेंढपाळी जातीत आरपीई६५चा दोष निसर्गतःच आढळतो. उपचारानंतर कुत्री उपचार झालेल्या डोळ्याच्या बाजूचे अडथळे चुकवत, दुसऱ्या बाजूच्या वस्तूंवर आपटत. त्यांतला लान्सलॉट पुढे अमेरिकी संसदेतही नेला गेला.

माणसांवरील चाचणीसाठी फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील कॅथरीन हाय यांनी २००५ मध्ये बेनेट यांना गाठले आणि २००७ मध्ये पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या. लंडनमध्ये आणि फ्लोरिडात त्याच सुमारास वेगळ्या चाचण्या चालू होत्या. शस्त्रक्रियेत आधी डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात, मग केसासारख्या बारीक नळीने ०.३ मिलि. औषध पडद्याखाली सोडतात. पडदा फोडासारखा उचलला जातो आणि लवकरच खाली बसतो. एवढ्या थेंबांत १५ हजार कोटी विषाणू असतात. उपचार घेतलेल्या आठ वर्षांच्या मुलाला चार दिवसांनी प्राणिसंग्रहालयात नेले, तर ऊन डोळ्यांना खुपल्याने तो ओरडला.

अशा गोष्टी मन हलवतात, पण मान्यता त्यांवर मिळत नाही. वाचनतक्त्यावर या रुग्णांचा फायदा नीट दिसत नसे, कारण त्यांची खरी अडचण अंधुक उजेडातली. म्हणून जमिनीवर बाण आणि अडथळे मांडलेली वाट तयार केली. १ ते ४०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) वेगवेगळ्या उजेडात ती चालायची, पाठ होऊ नये म्हणून मांडणी बदलायची आणि चित्रफितीवरून त्रयस्थांनी गुण द्यायचे. औषधाइतकेच महत्त्व मी या चाचणीला देतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माणसांवरील चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यात उपचार झालेल्या २० पैकी १३ जण एका वर्षानंतर १ लक्सला वाट पार करून गेले, तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेल्या गटातला एकही नाही. त्या गटालाही वर्षानंतर औषध देण्यात आले.

दोन्ही डोळ्यांची किंमत ८,५०,००० डॉलर ठेवली गेली. ती पाहता बहुतेक जगासाठी हा उपचार अजून कागदावरच आहे. इतर गटांच्या चाचण्यांत काही वर्षांनी मिळालेली दृष्टी ओसरताना आणि पेशींचा ऱ्हास चालूच राहिलेला दिसला, त्यामुळे लहान वयात उपचार करण्याकडे कल आहे. स्टारगार्ट या दृष्टिपटलाच्या आणखी एका आनुवंशिक आजारातील एबीसीए४ या जनुकाचा मजकूर सुमारे ६,८०० अक्षरांचा असल्याने तो या विषाणूत मावत नाही. तो दोन विषाणूंत अर्धा-अर्धा भरून पेशीत जोडण्याचे प्रयत्न चालू आहेत.