शाळा व्यवस्थापन समितीवर जायचंय? फॉर्म शोधू नका, पालकसभेला जा

गेल्या महिन्याभरात तिघांनी विचारलं की झेडपी शाळेच्या समितीवर जायला ऑनलाइन अर्ज कुठे भरायचा. कुठेच नाही! फॉर्म नाही, फी नाही, तलाठ्याचा दाखलासुद्धा लागत नाही. निवड पालकसभेत होते, त्यामुळे सभा चुकली की दोन वर्षं गप्प बसा.

आधी थोडं मागचं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 21 ने ही समिती आणली, त्याआधी गावाची ग्रामशिक्षण समिती असायची आणि तिच्यात पालकांपेक्षा पुढारीच जास्त दिसायचे. आता 75 टक्के सदस्य पालकच पाहिजेत आणि एकूण समितीत निम्म्या बायका. आपल्याकडे समिती 12 ते 16 जणांची असते, म्हणजे 12 ची धरली तर 9 पालक आणि उरलेल्या तिघांत एक ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक, एक गावातला शिक्षणातला जाणकार. मुख्याध्यापक सदस्य सचिव, ते या आकड्यात धरत नाहीत. अध्यक्ष मात्र पालकांमधूनच, हे सरपंचांना जरा समजावून सांगावं लागतं.

पात्रता एकच, तुमचं मूल त्या शाळेच्या पटावर पाहिजे. आईवडील नसतील आणि मूल आजीकडे किंवा मामाकडे असेल तर पालक म्हणून शाळेच्या रजिस्टरला त्यांचं नाव आहे का ते आधी बघा, नसेल तर लावून घ्या. शिक्षणाची अट नाही, सही येत नसली तरी चालतं. वंचित आणि दुर्बल घटकातल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात, त्या जागेवर बसायचं असेल तर जातीच्या दाखल्याची झेरॉक्स जवळ असू द्या, कुणी शंका काढली तर लगेच दाखवता येते. खरी कागदपत्रं लागतात ती अध्यक्ष झाल्यावर, कारण समितीच्या खात्यावर मुख्याध्यापकांबरोबर सही चालते, तेव्हा बँक आधार, पॅन, फोटो आणि ठरावाची प्रत मागते. मुलगी चौथीत आणि शाळा चौथीपर्यंतच असेल तर विचार करा, ती शाळेतून गेली की तुम्ही त्या शाळेचे पालकच राहत नाही.

सभेची नोटीस लेखी घ्या. एका शाळेत आमची निवड झाली तेव्हा नोटीस नुसती फळ्यावर होती, दुसऱ्या दिवशी पुसली, आणि नंतर सभेच्या इतिवृत्ताचं रजिस्टर घरोघरी सहीला फिरलं. माझ्यापुढे आलं तेव्हा शेवटची ओळ आणि सह्या यांच्यात चार बोटं कोरी जागा! नंतर कुणी तिथे काही घुसवू नये म्हणून आडवी रेघ मारली आणि मगच सही केली. तुम्हीपण तेच करा, आणि तुमचं नाव कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं ते इतिवृत्तात लिहिलंय का वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

अधिकार किती? शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, अनुदान कशावर गेलं ते बघायचं, पोषण आहार, शिक्षक वेळेवर येतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शाळा विकास आराखडा, तीन वर्षांचा. तो आर्थिक वर्ष संपायच्या आधी तीन महिने तयार पाहिजे, म्हणजे डिसेंबरातच बसा, मार्चमध्ये सगळे घाईत असतात. मास्तरांची बदली किंवा नेमणूक समितीच्या हातात नाही, उगाच आश्वासनं देऊ नका. अनुदानित खासगी आणि अल्पसंख्याक शाळांत तर 2012 च्या दुरुस्तीनंतर समिती फक्त सल्ला देते. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागूच नाही, तिथे पालक शिक्षक संघ बघा.

समिती नेमलीच नाही किंवा सभा न घेता यादी लावली तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, एक प्रत केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे), एक तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना, आणि तिन्हीवर पोच घ्या. इतिवृत्ताची प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो.